त्रिमूर्तीनगरच्या घराची राखण: प्रकल्प नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

रामनवमी. शोभायात्रेच्या गर्दीत शहरात शिरायचं नव्हतं, म्हणून मनीषनगरच्या माझ्या घरून सरळ त्रिमूर्तीनगरला आई-बाबांकडे आले आणि दिवसभर तिथेच राहिले. गुरुवारी रात्री त्यांच्यापासून तिसऱ्या घरी चोरी झाली. घरचे सगळे लग्नासाठी अमरावतीला गेले होते. चोर दाराकडे फिरकलेच नाहीत. मागच्या खिडकीत कूलर बसवायला गज कापलेले होते. त्यांनी स्टँडसकट कूलर बाजूला केला आणि त्या चौकोनातून आत शिरले. आमच्या मागच्या खोलीतही अगदी तसाच चौकोन आहे. नागपुरात कोणाच्या घरी नाही? मार्च सरता सरता कूलर खिडकीत बसतो तो पाऊस लागेपर्यंत निघत नाही, आणि लग्नसराई, शाळांच्या सुट्ट्या, गावाला जाणं सगळं याच दिवसांत येतं.

त्या घरी चार कॅमेरे होते. त्या घरच्या काकांनी मला चित्रण दाखवलं, ते पाहून फार वाईट वाटलं. फाटकावरचा कॅमेरा बारा-तेरा फुटांवर, छज्ज्याच्या खाली. दोन माणसं येताना दिसतात, पण दिसतात त्या फक्त टोप्या. मागच्या बाजूला कॅमेराच नाही. कोपऱ्यात वेळ रात्री ९:१०, आणि प्रत्यक्षात चोरी झाली २:४० ला. दोन्ही वेळांत बरोबर साडेपाच तासांचं अंतर. म्हणजे बसवून देणाऱ्याने डीव्हीआरला (चित्रण साठवणाऱ्या यंत्राला) भारताची वेळ लावलीच नव्हती, तो ग्रीनिचच्या वेळेवर चालत होता. तीन वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही. आता पोलिसांना पंचनाम्यात हा फरक लिहून घ्यावा लागला.

बाबा म्हणाले, "आपणही कॅमेरे लावून घेऊ." आई म्हणाली, "त्यांच्याकडे होतेच ना." दोघांचंही बरोबर आहे. म्हणून या नोंदी सुरू केल्या. प्रश्न असा: दुकानदाराकडून सगळं बसवून घ्यायचं, की सामान आणून स्वतः लावायचं? मी तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक आहे, मल्टिमीटर आणि ड्रिल हाताला नवे नाहीत. पण हे घर माझं नाही, सत्तरी ओलांडलेल्या दोघांचं आहे. बिघाड झाला तर मी सहा किलोमीटर लांब असणार.

८ एप्रिल, मंगळवार

घर मोजलं. तीस बाय पन्नासचा प्लॉट, खाली आई-बाबा, वरचा मजला रिकामा. आत शिरायच्या जागा पाच: पुढचं दार, मागचं लोखंडी दार, कूलरची खिडकी, जिन्याचं दार, न्हाणीघराची खिडकी. फाटकापासून पुढच्या दारापर्यंत पाच मीटर. विजेचं मीटर बाहेर, फाटकाजवळच्या भिंतीवर, म्हणजे मेन स्विच कोणालाही रस्त्यावरून पाडता येतो. हे आजवर कधी खटकलं नव्हतं.

बाबांनी ग्राफपेपरवर नकाशा काढला. सिंचन विभागातला हात, रेघ अजून सरळ येते.

११ एप्रिल, शुक्रवार

दोन दुकानदार येऊन घर पाहून गेले.

पहिल्याने सगळं मिळून ४१,००० सांगितले: चार कॅमेरे, १ टीबी हार्डडिस्क, अलार्म, वायरिंग. दुसऱ्या वर्षापासून देखभालीचे साडेतीन हजार वेगळे. पाच हजार कमी करायची तयारीही दाखवली, पण "जुन्या स्टॉकमधले" कॅमेरे घेतले तर. हा स्टॉक अचानक स्वस्त का झाला, ते मला माहीत होतं. परवा, ९ एप्रिलपासून, केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या आहेत. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर, त्याचे पासवर्ड, तो माहिती कशी पाठवतो, हे सगळं तपासून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. जुना माल त्यात बसत नाही. घरावर नजर ठेवणारं यंत्रच कोणी बाहेरून उघडू शकत असेल, तर त्यात पाच हजार वाचवण्यात अर्थ नाही.

त्याच्यासोबत आलेला मुलगा कामाला हुशार होता. मी विचारलं, डीव्हीआरचा मुख्य पासवर्ड आमच्याकडे राहील ना? तो म्हणाला, "ताई, पासवर्ड कायले पाहिजे तुम्हाले? मोबाइलवर दिसतेच सगळं. काही झालं तर आम्ही आहोच ना." त्याच्या मनात खोट नव्हती, हे मनापासून सांगते. त्यांच्याकडे सगळ्यांचं असंच चालतं: दुकानाच्या एकाच खात्यात पन्नास घरांचे कॅमेरे. पण दुकान बंद पडलं, मुलगा नोकरी सोडून गेला, फोन हरवला, की आमचं घर कोणाच्या हातात? चोरी झालेल्या घरच्या काकांना आपली वेळही दुरुस्त करता येत नव्हती, ती याच कारणाने.

दुसरा दुकानदार वयस्कर. भाव थोडा जास्त, बोलणं कमी. पासवर्डचं विचारल्यावर म्हणाला, "तुमचं घर, तुमचा पासवर्ड. फक्त विसरू नका, रीसेटला वेळ जातो." फक्त कॅमेऱ्याचंच काम करून देतो का, असं विचारलं. हो म्हणाला.

१२ एप्रिल, शनिवार

बर्डीच्या बाजारात गेले. स्वतः लावायच्या सामानाचा अंदाज घ्यायचा होता. वायफाय कॅमेरे दोन ते साडेतीन हजारांना एक, दार उघडल्याचं कळवणारे चुंबकी सेन्सर आठशे ते बाराशे, हालचाल टिपणारा पीआयआर हजाराच्या आसपास. सगळं घर जेमतेम १९,००० मध्ये होतं. ड्रिल नको, भिंतीतून वायर नको. एक कॅमेरा, एक पीआयआर आणि दोन चुंबकी सेन्सर प्रयोगासाठी आणले. आधी तपासते, मग ठरवते.

१४ एप्रिल, सोमवार

आंबेडकर जयंतीची सुट्टी, दिवसभर चाचण्या केल्या.

वायफाय कॅमेरा: राउटर पुढच्या खोलीत. मागच्या अंगणापर्यंत मध्ये दोन भिंती, दोन्ही नऊ इंची, पक्क्या विटांच्या. चित्र दर दोन-तीन मिनिटांनी अडकतं. आई स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह लावते तेव्हा तर पूर्ण थांबतं, कारण दोघंही २.४ गिगाहर्ट्‌झवरच चालतात. शिवाय चित्रण कॅमेऱ्यातल्याच कार्डात साठतं. चोराने कॅमेरा उपटून नेला की पुरावाही त्याच्यासोबत गेला.

पीआयआरची चाचणी सगळ्यात जास्त शिकवून गेली. हा सेन्सर माणूस ओळखत नाही, मागच्या भिंतीची उष्णता आणि समोरून सरकणाऱ्या अंगाची उष्णता यांतला फरक ओळखतो. सकाळी सहाला मागच्या व्हरांड्याची भिंत २७ अंश (प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणला होता). आठ-नऊ पावलांवरून त्याने मला पकडलं. दुपारी तीनला भिंत ३८ अंश, आणि मी तीन पावलांवर येईपर्यंत तो गप्प. मनाशी म्हटलं, चोर रात्री येतात, तेव्हा थंड असेल. रात्री साडेदहाला पुन्हा मोजलं. पश्चिमेची भिंत दिवसभर तापलेली, अजून ३५ अंशांवर. माणसाच्या अंगाचा पृष्ठभागही जवळपास तेवढाच. तीनच पावलं. म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात, नेमकी गरज असते त्या रात्रींना, हा सेन्सर अर्धा आंधळा असतो. एप्रिलची ही गत, तर मेमध्ये काय होईल?

घरात लावला तर कूलरच्या वाऱ्याने पडदा हलतो आणि उगाच वाजतो. पीआयआर बाद.

२० एप्रिल, रविवार

मागच्या लोखंडी दारावर डबल टेपने लावलेला चुंबकी सेन्सर दुपारच्या उन्हात गळून पडला. टेपचा डिंक हाताला लागत होता. टेप असो नसो, लोखंडावर चुंबक थेट लावणं चूकच होतं, लोखंड चुंबकाची ताकद खाऊन टाकतं आणि दार बंद असूनही सेन्सरला उघडं वाटतं. मध्ये सहा मिलिमीटरचा लाकडी तुकडा घालून स्क्रूने बसवला. आता बरोबर चालतो.

२२ एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी हिशोब मांडला.

आधी भिंगाचा. दुकानदार चारही कॅमेरे २.८ मिलिमीटर भिंगाचे सुचवतात, कारण त्यात जास्त रुंद दिसतं. पण रुंद दिसणं आणि चेहरा ओळखू येणं वेगळं. अनोळखी माणसाची नक्की ओळख पटवायला दर मीटरला २५० पिक्सेल हवेत, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात. दोन मेगापिक्सेलचं चित्र १९२० पिक्सेल रुंद. २.८ च्या भिंगाने पाच मीटरवर साधारण बारा मीटर रुंदी दिसते, म्हणजे मीटरला १६०. फाटकावर आलेला अनोळखी माणूस ओळखू येणार नाही. ६ मिलिमीटरच्या भिंगाने तिथेच पाच मीटर रुंदी येते, मीटरला पावणेचारशेच्या पुढे. म्हणून फाटकाला ६ चं, बाकी तिघांना २.८ चं. आणि उंची आठ फूट, बारा नाही. हाताला लागेल इतका खाली नको, पण चेहरा दिसला पाहिजे.

मग साठवणुकीचा. एका कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट धरले तर दिवसाला २१.६ जीबी, चौघांचे ८६ च्या वर. १ टीबी साडेअकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसलं जाऊ लागतं. पहिला दुकानदार "महिनाभर राहते" म्हणाला होता, ते फक्त हालचाल असतानाच रेकॉर्ड केलं तर. आई-बाबा दरवर्षी मेमध्ये अकोल्याला बारा दिवस जातात. परत येऊन पाहावं तर पहिली रात्र पुसलेली. २ टीबी घ्यायची.

शेवटी, दुकानदार की मी? मला आता हा प्रश्नच एकसंध वाटत नाही. कॅमेऱ्याचं काम म्हणजे मुळात वायरचं काम: नऊ इंची भिंतीतून तिरकं भोक, पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरच्या बाजूला उतार, शिडीवर उभं राहून कनेक्टर. हे रोज करणाऱ्याचा हात वेगळाच असतो, माझा तसा नाही. ते दुसऱ्या दुकानदाराने करावं. दार-खिडक्यांचा अलार्म मात्र मी लावणार. त्यात कोणतं दार कधी उघडतं, आई पहाटे दूध घ्यायला केव्हा उठते, हे माहीत असणं महत्त्वाचं, आणि ते मला माहीत आहे. पासवर्ड आणि वायरचा नकाशा दोन्ही घरात राहतील, ही अट कागदावर लिहून घ्यायची.

पण सगळ्यात आधी कूलर. बाबांनी उद्या वेल्डरला बोलावलंय. कूलरच्या बाहेरून लोखंडी पिंजरा, चार बोल्ट आतून. २,६०० रुपये.

२७ एप्रिल, रविवार

दुकानदार आणि दोन मुलं सकाळी आठला हजर. उन्हाच्या आत बाहेरचं काम संपवायचं होतं.

वायरचं बंडल उघडलं तेव्हा मी ब्लेडने एक तार खरवडली. आतून पांढरी. म्हणजे तांबं नाही, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. बिलावर "कॉपर" लिहिलं होतं. दुकानदाराने स्वतः पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि गाडी पाठवून दुसरं बंडल मागवलं. वाद घातला नाही, याचं मला बरं वाटलं. ही तार जास्त रोध देते, त्यामुळे लांबवरच्या कॅमेऱ्यापर्यंत १२ व्होल्ट पोचत नाहीत. दिवसा चालून जातं. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा जास्त करंट घेतो, व्होल्टेज आणखी पडतं, कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होतो, पुन्हा दिवे लागतात, पुन्हा बंद. रात्रभर तेच. लोक कॅमेरा बदलत बसतात आणि दोष तारेचा असतो.

दुपारी दोनपर्यंत काम झालं. आईने सगळ्यांना पन्हं दिलं. शेवटी पासवर्ड मी स्वतः टाकला, दुकानदार पाठ फिरवून उभा राहिला. वेळ भारताची लावली, भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिली.

कॅमेऱ्यांचे एकूण २३,४००.

२ मे, शुक्रवार

संध्याकाळी वादळी वारा, वीस मिनिटं वीज गेली. डीव्हीआर चालू, कॅमेरे चारही काळे. डीव्हीआर इन्व्हर्टरच्या लाइनवर, पण कॅमेऱ्यांना वीज देणारा पुरवठा मुलांनी शेजारच्या साध्या प्लगला लावला होता. बसवताना कोणीच मेन पाडून पाहिलं नाही. मीही नाही, आणि फाटकाजवळचा स्विच ८ एप्रिलला वहीत लिहिला होता मीच. प्लग बदलला. कॅमेरे, डीव्हीआर, राउटर मिळून ४५ वॉटच्या आसपास, तीन पंखे धरून अडीचशे. १५० ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीवर पाचएक तास निघतील.

४ मे, रविवार

अलार्म लावला. आठ झोनचं, म्हणजे आठ जागा वेगवेगळ्या ओळखणारं, वायरचं पॅनेल, सिम कार्डवर चालणारं. ॲपवरचं घेतलं नाही, कारण बाबांचा फोन साधा आहे, बटणांचा. रात्री दोन वाजता मोबाइलवर आलेल्या सूचनेने कोणाची झोप मोडत नाही, फोनच वाजायला हवा. सिम घेताना एक गोष्ट पाहावी लागली: हे पॅनेल २जी वर बोलतं, आणि जिओचं २जी नाहीच. दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं.

पाचही जागांना चुंबकी सेन्सर, स्क्रूने. त्यांतला कूलरच्या खिडकीचा मात्र स्टँड आणि चौकट यांच्या मध्ये: कूलर दोन बोटं जरी सरकला तरी सायरन. प्रत्येक तारेच्या शेवटच्या टोकाला, सेन्सरपाशी, २.२ किलोओहमचा रोधक (रेझिस्टर). पॅनेलला कायम तेवढाच रोध दिसला पाहिजे. तार कापली तर अनंत दिसतो, जोडून टाकली तर शून्य, दोन्ही वेळी वाजतं. रोधक पॅनेलच्या डब्यातच लावला तर बाहेर तार जोडून टाकलेली त्याला कळतच नाही. मामेभावाच्या घरी मी तसं लावलेलं पाहिलं आहे.

सामानाचे ८,१५०. पिंजरा आणि कॅमेरे धरून सगळं ३४,१५०.

आईने सायरन ऐकला आणि कानावर हात ठेवले. नंतर तीनदा स्वतः चालू-बंद करून पाहिला.

९ मे, शुक्रवार

अगदी लगतच्या घरच्या काकूंनी कुंपणापाशी थांबवलं. "आमचं अंगण दिसते काय गं त्यात? सुनेले बाहेर बसाले बरं नाही वाटत." दिसत होतं, डाव्या कोपऱ्यात. त्यांना घरात बोलावून पडद्यावर दाखवलं आणि त्यांच्यासमोरच तेवढ्या भागावर काळी पट्टी टाकली. आता त्या भागाचं रेकॉर्डिंगच होत नाही. हे आधीच करायला हवं होतं. संकटात पहिल्यांदा धावून येणार त्याच. त्यांच्या मुलाचा नंबर पॅनेलमध्ये माझ्या आणि यजमानांच्या नंबरनंतर तिसरा टाकला, त्याला विचारूनच. त्याच्याशी असं ठरलं: फोन आला तर एकट्याने फाटक उघडायचं नाही. गच्चीवरून पाहायचं, आणि गरज वाटली तर ११२.

२२ मे, गुरुवार

आई-बाबा रविवारपासून अकोल्याला. काल रात्री १:१० ला पॅनेलचा फोन. झोन ३, कूलर. हात थरथरत होते, पण आधी कॅमेरा उघडला. वादळ, पाऊस आडवा, मागच्या अंगणात कोणी नाही. पिंजरा जागेवर. काकूंच्या मुलाने गच्चीवरून टॉर्च मारून पाहिलं, त्यालाही काही दिसलं नाही. सकाळी सहाला जाऊन पाहिलं: वाऱ्याने कूलर स्टँडवर किंचित हलला आणि सेन्सरची तार ताणून स्क्रूमधून निघाली. मी तार अगदी मापात कापली होती, ढील ठेवलीच नव्हती. चूक माझी. बोटभर वळसा ठेवून पुन्हा जोडली, कूलरच्या पायांखाली रबर घातलं.

दुकानदारालाही फोन केला, पावसाचं पाणी कॅमेऱ्याच्या जोडात जातंय का, विचारायला. तो दुपारी येऊन चारही जोडांवरचे डबे उघडून पाहून गेला. एकात ओल होती. पैसे घेतले नाहीत.

८ जून, रविवार

कूलर काढला. रिकाम्या चौकोनात वेल्डरने बिजागरीचा गजाचा दरवाजा बसवला, आतून कुलूप. पुढच्या मार्चमध्ये कूलर त्यापुढेच बसेल. झोन ३ चा सेन्सर आता या दरवाजावर.

चोरी झालेल्या घरच्या काकांच्या डीव्हीआरचा पासवर्ड अखेर त्यांच्या दुकानदाराकडून मिळाला. वेळ लावून दिली. त्यांच्या जुन्या चित्रणाची प्रत पोलिसांकडे पेन ड्राइव्हमध्ये गेली आहे, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र. ते भरताना काकांना मदत केली: कोणतं यंत्र, कोणाच्या ताब्यात, प्रत कशी काढली. पूर्वीच्या ६५-ब च्या जागी आता हे आलं आहे. वेळेतला साडेपाच तासांचा फरकही त्यात स्पष्ट लिहिला.

उरलेली कामं: कॅमेऱ्यांवरची कोळ्यांची जाळी दर पंधरा दिवसांनी काढणं, नाहीतर रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात पडदा पांढरा होतो. महिन्यातून एकदा मेन पाडून पाहणं. हे बाबांनी आपल्याकडे घेतलं. ग्राफपेपरवरचा नकाशा त्यांनी शाईने पक्का केला, प्लास्टिकमध्ये घालून पॅनेलच्या झाकणाला आतून चिकटवला. त्यावर पाचही झोनची नावं, दुकानदाराचा नंबर, आणि खाली लाल पेनाने: सिमचं रिचार्ज, २७ जुलैच्या आत.